स्थानिक स्वराज्य : नागरिकांचा हक्क आणि आपले कर्तव्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)

प्रारंभीच एक कबुली देतो. सुमारे तीस वर्षे मी पदव्युत्तर वर्गांना सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवला. केंद्राचे अंदाजपत्रक, राज्याचे अंदाजपत्रक, वित्त आयोगांचे निकष यांवर मी शेकडो व्याख्याने दिली. परंतु ज्या शहरात माझा जन्म गेला त्या शहराच्या पालिकेचे अंदाजपत्रक मी निवृत्त होईपर्यंत एकदाही उघडून पाहिले नव्हते. ते उघडण्याची पाळी माझ्यावर आणली ती आमच्या गल्लीतील एका उघड्या गटाराने.

दर पावसाळ्यात ते गटार तुंबे आणि मागच्या वस्तीतील घरांत पाणी शिरे. आम्ही अर्ज दिले, निवेदने दिली, एकदा मोर्चाही नेला. प्रत्येक वेळी उत्तर एकच : ‘तरतूद नाही.’ अखेर आम्ही चार-पाच जण क्षेत्रीय कार्यालयात गेलो आणि आमच्या प्रभागासाठी गेल्या तीन वर्षांत गटारांच्या शीर्षाखाली किती रक्कम मंजूर झाली व किती खर्ची पडली, एवढाच प्रश्न विचारला. तेथील लिपिक सज्जन होता. तो म्हणाला, ‘सर, असं कुणी विचारायला येत नाही. लोक काम मागतात, हिशेब मागत नाहीत.’ माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केल्यावर कागद मिळाले. तरतूद होती. लागोपाठ दोन वर्षे होती. दोन्ही वर्षी वर्षअखेरीस ‘वर्गीकरण’ करून ती रक्कम एका स्वागतकमानीकडे आणि चौकाच्या सुशोभनाकडे वळविण्यात आली होती. हा व्यवहार चोरून झाला नव्हता. रीतसर ठराव होऊन झाला होता. तो ठराव झाला त्या दिवशी आम्ही कोठे होतो, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही.

आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत लोकांचा सहभाग असावा, हे आपल्या सर्व पक्षांच्या जाहीरनाम्यांत असते. तथापि हा सहभाग कोणत्या दाराने, कोणत्या दिवशी, कोणता कागद हातात घेऊन करावयाचा, हे सांगण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो.

परंपरा आपलीच आहे

1882 साली लॉर्ड रिपनच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु महाराष्ट्रात त्याच्याही आधी, 1876 पासून, महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून खर्च करण्याचा विषय निघाला तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे सांगून जोतीरावांनी विरोध केला. त्यांची बाजू सभागृहात एकाकी पडली. माझ्या गल्लीतील गटाराचा पैसा कमानीकडे गेला ही घटना मी त्या प्रसंगाशेजारी ठेवून पाहतो. दीडशे वर्षांत सभागृहे बदलली, राज्यकर्ते बदलले. कमान आणि गटार यांतील झगडा मात्र तोच आहे.

समाजवादी चळवळीला हा विषय परका नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर उभ्या असलेल्या चौखंबा राज्याची कल्पना मांडली. 1977 साली जनता राजवटीत पंचायत राज्याचा फेरविचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद अशोक मेहतांकडे होते. 1961 साली मृणाल गोरे मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांतील बायकांचा पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात नेला. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ ही पदवी दिली. मृणालताईंच्या पाठीशी नळावर रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका होत्या आणि त्या बायकांच्या हातात स्वतःच्या वस्तीची माहिती होती. सभागृहातील आवाज आणि वस्तीतील संघटना यांची ही सांगड आपण पुढे सैल होऊ दिली.

पुढे 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती झाली व 1993 पासून ती अमलात आली. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 साली ते प्रमाण निम्म्यावर गेले. म्हणजे दार आता कायद्याने उघडे आहे. त्यातून आत जाणारे किती, हा खरा प्रश्न.

तहकूब सभेचे गणित

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका व्हावयास हव्यात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेतली पाहिजे, असेही कायदा सांगतो. जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, विकासाची योजना, लाभार्थींची निवड हे सारे ग्रामसभेपुढे आले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या मूळ गावी एका ग्रामसभेला मुद्दाम हजर राहिलो. सकाळी देवळासमोर सतरंजी अंथरली होती. तीसेक माणसे जमली. थोडा वेळ वाट पाहून गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचे जाहीर झाले. तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, ही मेख गावातील पुढाऱ्यांना तोंडपाठ असते. पुढच्या वेळी दहा-बारा लोकांत सगळे विषय मंजूर झाले. सायंकाळी शिपाई नोंदवही घेऊन घरोघर सह्या गोळा करीत होता. माझी चुलत वहिनी चुलीपुढून उठून आली आणि सही करून परत गेली. मी विचारले, ‘वहिनी, कशावर सही केलीत?’ ती म्हणाली, ‘भाऊजी, दरवेळी करतो तिथंच की!’

या उत्तरात अज्ञान आहे, असे मी मानत नाही. वहिनीच्या सहीला किंमत आहे म्हणूनच शिपाई दारात आला होता. आपल्या अनुपस्थितीचाही कोणी उपयोग करून घेतो, हे मात्र तिला आपल्यापैकी कोणीही कधी सांगितले नव्हते.

सहभागाची किंमत कोण मोजतो?

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक मुद्दा मांडतो. लोक ग्रामसभेला येत नाहीत याचा दोष आपण लोकांच्या उदासीनतेला देतो. वस्तुतः सहभाग ही फुकट मिळणारी गोष्ट नाही. त्याला वेळ लागतो, माहिती लागते, धाडस लागते. शेतमजूर स्त्री सकाळच्या सभेला आली तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. जमीनदाराच्या मुलाचे काहीच बुडत नाही. ठेकेदार तर सभेला कामावर आल्यासारखाच येतो. त्याच्या दृष्टीने ती गुंतवणूक आहे. सभेतून होणारा लाभ मात्र साऱ्या गावात वाटला जातो आणि एकेकाच्या वाट्याला थोडाच येतो. म्हणून सर्वांच्या हिताची बाजू मांडण्यास कोणी उरत नाही आणि थोड्यांच्या हिताची बाजू मांडणारे नेहमी हजर असतात. ज्या लोकशाहीत सहभागाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, ती लोकशाही नियमांना धरून चाललेली असूनही श्रीमंतांकडे झुकते.

यावर पैशाच्या रचनेनेही भर घातली आहे. पूर्वी शहरांना जकातीचे स्वतःचे उत्पन्न होते. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला व तोही गेला, आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कराची राजवट सुरू झाल्यावर महानगरपालिका राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहिल्या. गावांनाही वित्त आयोगाचा पैसा मिळतो; 2021 ते 2026 या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण अनुदानाचा 60 टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधून ठेवला आणि 40 टक्के भाग स्थानिक गरजेसाठी मोकळा ठेवला. पैसा वरून येतो अशी समजूत झाली की लोक हिशेबाऐवजी कृपा मागू लागतात. परंतु तो पैसाही जनतेच्याच करांतून आलेला असतो. काडेपेटी विकत घेणारा मजूरही कर भरतो, म्हणून तोही करदाता आहे. ही साधी गोष्ट वस्तीवस्तीत सांगितली तरी निम्मे काम होईल.

शहरांत दार कोठे आहे?

शहरांची अवस्था गावांहून बिकट आहे. गावाला निदान ग्रामसभा आहे. महाराष्ट्रात 2009 साली शहरी कायद्यांत दुरुस्ती करून मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद करण्यात आली. परंतु बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. प्रभाग समित्यांत अनेक प्रभाग एकत्र कोंबल्यामुळे त्या नागरिकांपासून दूर गेल्या. मुंबई वगळता बहुतेक महानगरपालिकांत एका प्रभागातून चार नगरसेवक निवडण्याची पद्धत आली आणि चौघांपैकी जाब विचारावा कोणाला, हेच मतदाराला कळेनासे झाले.

त्यातही गेल्या काही वर्षांचा अनुभव आपण विसरता कामा नये. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर 29 महानगरपालिकांसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान होईपर्यंत राज्यातील मोठमोठी शहरे प्रशासकांच्या हाती होती. या काळात कोट्यवधी रुपयांची अंदाजपत्रके एकाही निर्वाचित प्रतिनिधीच्या मताशिवाय मंजूर झाली. निवडणुका लांबल्या त्या आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांमुळे, हे खरे. पण मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. नगरसेवक नाहीत म्हणून रस्त्यावर उतरणारे नागरिक फारसे दिसले नाहीत. जी संस्था आपली वाटत नाही तिच्या अभावाची वेदनाही होत नाही.

तरीही दारे आहेत. पुणे महानगरपालिकेत 2006-07 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. पदपथ, बसथांबा, दिवे अशी ती लहान कामे असतात आणि एकूण अंदाजपत्रकात त्यांचा वाटा किरकोळ असतो, हे मान्य. पण अर्ज भरणारे कोण असतात हे पाहा : बहुधा सोसायट्यांतील सुशिक्षित. झोपडपट्टीतून अर्ज कमी जातात, कारण तेथे तो अर्ज कोणी पोचविलेलाच नसतो. शहराच्या विकास आराखड्याचेही तसेच. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. मैदानाचे आरक्षण उठवावे म्हणून जमीनमालकाचा वकील मुदतीत अर्ज देतो. ते मैदान राहावे म्हणून तेथे खेळणाऱ्या मुलांच्या बापाचा अर्ज मात्र जात नाही. शाळांकडे पाहा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असा दंडक घातला. आपल्यापैकी किती जणांना आपल्या वस्तीतील शाळेच्या समितीवर कोण आहे हे ठाऊक आहे?

जेथे लोकांनी दार ढकलले

हे सारे ऐकून निराश होण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालविले, निर्णय सर्वसहमतीने घेण्याची शिस्त लावून घेतली आणि मगच वनहक्कांचा लढा दिला. 2009 साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही हे ग्रामसभांनी ठरवावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये दिला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. महाराष्ट्रात 2008 च्या आदेशाने गावातील किंवा प्रभागातील दारूदुकान बंद करण्यासाठी स्त्रियांना मतदान मागता येते. एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते पडली तर ‘बाटली आडवी’ होते. ज्या बायका इतर सभांत बोलत नाहीत त्या या मतदानाला रांगा लावतात, कारण तेथे आपल्या मताने काय घडेल हे त्यांना स्पष्ट दिसते.

केरळमध्ये 1996 साली डाव्या आघाडीच्या सरकारने लोकयोजना मोहीम सुरू केली. राज्याच्या नियोजन निधीचा 35 ते 40 टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे वळविण्याचा निर्णय आधी झाला, आणि मग ग्रामसभा बोलावण्यात आल्या. या क्रमाला महत्त्व आहे. आधी अधिकार व पैसा, मग चर्चा. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरात 1989 पासून तेथील श्रमिक पक्षाच्या पालिकेने वस्त्यावस्त्यांच्या सभांतून भांडवली खर्चाचे अग्रक्रम ठरविण्याची पद्धत सुरू केली. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती : पक्षाच्या कार्यकर्त्यांनी सभांची पूर्वतयारी केली, लोकांना आकडे समजावून दिले.

एक गंभीर आक्षेप

येथे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की गाव म्हणजे काय स्वर्ग आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना खेड्यांच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला होता. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातिभेदाचे आगर आहे, हा त्यांचा आरोप आजही पूर्णपणे खोटा ठरलेला नाही. ग्रामसभा पाटलाच्या वाड्यासमोर भरली तर दलित वस्तीतील माणूस तेथे किती मोकळेपणाने बोलेल? सरपंचपदावर स्त्री निवडून आली आणि खुर्चीशेजारी तिचा नवरा बसला, तर सत्ता कोणाकडे गेली?

हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच सभा भरविणे एवढ्याने आपले काम संपत नाही. सभा कोठे भरते, किती वाजता भरते, तीत पहिल्यांदा कोण बोलते, इतिवृत्त कोण लिहिते, हे सारे राजकीय प्रश्न आहेत. स्त्रियांची स्वतंत्र सभा खरोखर झाली आणि तिचे ठराव मुख्य सभेत वाचले गेले, तर वाड्याची भिंत थोडी तरी खचते. मागे राहिलेल्यांना आधी एकत्र बसवून, त्यांचे म्हणणे आधी ठरवून, मग त्यांना सभेत नेणे हे संघटनेचे काम आहे. ते संघटनेने केले नाही तर विकेंद्रीकरण म्हणजे वरच्या जुलमाऐवजी जवळचा जुलूम, एवढाच अर्थ उरेल.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

सहभागाची किंमत गरिबाला परवडेल इतकी कमी करणे, हे आपले काम आहे, असे मी थोडक्यात सांगेन. त्यासाठी चार गोष्टी सुचवितो.

पहिली, कागद. प्रत्येक शाखेने आपल्या ग्रामपंचायतीचे वा प्रभागाचे चालू अंदाजपत्रक मिळवावे आणि एका पानावर सोप्या मराठीत मांडावे : पैसा कोठून आला, कशासाठी ठेवला, कोठे गेला. वर्गीकरणाच्या ठरावांवर विशेष नजर ठेवावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तेवढा खर्च कोणत्याही शाखेला झेपेल.

दुसरी, दिनदर्शिका. ग्रामसभेच्या तारखा, विकास आराखडा बनविण्याचे दिवस, अंदाजपत्रकासाठी सूचना देण्याची मुदत, हरकतींची मुदत हे सारे वर्षारंभी फळ्यावर लिहून ठेवावे. गावाची योजना ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आकार घेते आणि पालिकेची अंदाजपत्रके वर्षाच्या प्रारंभीच्या महिन्यांत मांडली जातात. आपण मोर्चा काढतो मे महिन्यात, नळ आटल्यावर. तेव्हा पैसा वाटून झालेला असतो.

तिसरी, वेळ. सभा संध्याकाळी, मजूर घरी आल्यावर घ्यावी, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीकडे करावी. सभा तहकूब होणार नाही एवढी उपस्थिती जमविणे हा आपल्या शाखेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मानावा. शंभर माणसे! निवडणुकीच्या सभेला आपण हजार आणतो, मग ग्रामसभेला शंभर का आणू शकत नाही?

चौथी, आणि सर्वांत अवघड : स्वतः मागे राहणे. सभेत कार्यकर्त्याने भाषण करू नये. माहिती द्यावी, आणि ज्याच्या घरात पाणी शिरते त्याला बोलू द्यावे. लोक आपल्याला विचारून सही करू लागले तर आपणही त्या शिपायाहून वेगळे राहणार नाही.

मित्रहो, या कामाने उद्या मते मिळतील असे आश्वासन मी देत नाही. इतकी वर्षे मते मिळविण्याच्या धडपडीत आपण हे काम बाजूला ठेवले आणि शेवटी मतेही गेली, हा हिशेब मात्र आपण प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जो पक्ष वस्तीच्या रोजच्या जगण्यात दिसत नाही, त्याची आठवण निवडणुकीच्या दिवशी तरी का व्हावी?

आमच्या गल्लीतील गटाराचे काय झाले, असे काहींनी मघाशी विचारले. पुढील वर्षी अंदाजपत्रक येण्यापूर्वीच आम्ही जुन्या ठरावांच्या प्रती घेऊन गेलो. आमच्याबरोबर मागच्या वस्तीतील पंधरा-वीस बायका होत्या. त्यांच्यापैकी एकीने अधिकाऱ्यासमोर ते दोन्ही आकडे कागद न पाहता सांगितले. गटाराचा निम्मा भाग झाकला गेला. उरलेला निम्मा अद्याप उघडा आहे. यंदाच्या तरतुदीचा कागद मिळविण्याची पाळी माझी होती. परवा त्याच बाईने मला रस्त्यात अडवून विचारले, ‘सर, अर्ज दिलात का?’ दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन दिला.

आपल्याला अशी अडवणारी माणसे गावोगाव हवी आहेत. ती तयार झाली की स्थानिक स्वराज्य या शब्दातील ‘स्वराज्य’ खरे होऊ लागेल.